अंतरा पुरा होऊ द्या

नमस्कार,

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वय ४६. गाता येत नाही, पण कान तयार आहे. रेडिओवर गाणं लागलं की चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार वहीत उतरवून ठेवायची सवय वडिलांनी लावली. १९९१ पासूनच्या चार वह्या माझ्याकडे आहेत.

मागच्या महिन्यात माझी मोठी नणंद, आमच्या अक्का, शाळेतून रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच एका कराओके ग्रुपच्या कार्यक्रमात गायल्या. माइकवर म्हणाल्या, "लतादीदींचं गाणं सादर करते." गाणं सुमन कल्याणपूर यांचं! मी तिसऱ्या रांगेतून मोठ्याने नाव दुरुस्त केलं. लोक हसले. अक्कांनी गाणं सुरू केलं खरं, पण दुसऱ्या अंतऱ्यात स्टँडवरच्या मोबाईलमधली ओळ हुकली आणि ट्रॅक पुढे निघून गेला. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. "तुझं ज्ञान तुझ्यापाशी ठेव," एवढंच म्हणाल्या. नवरा म्हणतो, माफी माग. पण मी खोटं काय बोलले?

एकूणच आता गाणं ऐकताना आनंद कमी आणि चिडचिड जास्त होते. कार्यक्रमात अर्धा तास सत्कार, मग वेळ नाही म्हणून अंतरा गाळतात. ॲपवर १९६२ च्या गाण्यापुढे २००५ साल आणि भलत्याचंच नाव. कारखान्यात पोरी गाणं अर्ध्यात बदलतात, तीही सगळी तेलुगू, नाहीतर रिमिक्स. गल्लीत डीजे. काही बोलावं तर मी शिष्ट. गप्प बसावं का?

— एक कानसेन, सोलापूर

ताई,

तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत. गाण्याचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय. अक्कांची ओळख पटू नये म्हणून इथे छापत नाही, पण ते गाणं सुमनताईंचंच. त्यांच्या आवाजाची लतादीदींच्या आवाजाशी इतकी जवळीक की भले भले फसतात. १९६० च्या दशकात रॉयल्टीच्या वादावरून लता आणि रफी एकत्र गात नव्हते, त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंनी गायली आणि आजही लोक ती बिनदिक्कत लताच्या खात्यावर टाकतात. सुमनताईंना पद्मभूषण मिळालं ते २०२३ साली. हयातभर आपलं गाणं दुसऱ्याच्या नावाने ऐकणं काय असतं, याची कल्पना करून बघितली की मलाही आत कुठेतरी दुखतं. म्हणून त्या संध्याकाळी तुमच्या जिवाची घालमेल झाली ती मला पोचली.

नावासाठी भांडावं लागण्याची गोष्ट जुनी आहे. १९४९ साली 'महल' आला, तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी होती वीस वर्षांची लता. गाणं कुणाचं म्हणून श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे नाव बाहेर आलं. संगीतकार खेमचंद प्रकाश तर १९५० च्या ऑगस्टमध्ये गेलेच. गीतकारांचं नावही रेडिओवर घेतलं जावं म्हणून साहिरसारख्याला आग्रह धरावा लागला. आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात यायला २०१२ साल उजाडलं. तेव्हा तुमच्या चार वह्यांना कुणी वेड म्हटलं तर मनावर घेऊ नका. तुमच्या वडिलांनी फार मोलाची सवय लावली.

ती आपल्या मातीतलीच सवय आहे. बाराव्या शतकातल्या आपल्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं बघा. वचनाच्या शेवटाला 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' हे आराध्याचं नाव येतं आणि त्या अंकितावरून वचन कुणाचं ते कळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या अभंगात 'चोखा म्हणे' येतं. राम जोशींच्या या गावात हे मी वेगळं सांगायला नको की शाहीरसुद्धा शेवटच्या कडव्यात आपली छाप सोडतो. रेकॉर्डचं लेबल नव्हतं, निवेदक नव्हता, तेव्हा कवीने आपलं नाव गाण्यातच विणून ठेवलं, चादरीच्या काठात विणावं तसं. गाणारा अक्षरशत्रू असला तरी नाव गळायची भीती नाही.

पण ते नाव येतं कुठे? शेवटच्या चरणात.

हे मला फार उशिरा कळलं. मी वीस-बावीस वर्षांची असेन. बाळीवेस भागातल्या आमच्या वाड्यात एकादशीला बायकांचं भजन असायचं. त्यात एक आजी होत्या, शेंगा फोडून फोडून नखं झिजलेली, टाळ मात्र लख्ख वाजवायच्या. एका एकादशीला म्हणाल्या, "तुकोबाचा म्हणते," आणि अभंग धरला. तो नामदेवांचा होता. मी नुकतीच एम. ए. ला मराठी घेतलेलं, तोंड गप्प बसेना. ध्रुवपद होतंय तोच म्हणाले, "आजी, हा नामदेवांचा." टाळ थांबले. आजी "बरं बाई" म्हणाल्या आणि उरलेला अभंग दुसरीने पुरा केला. त्यानंतर तीन-चार वर्षं तो वाडा होता, भजनही होतं. आजी यायच्या, गायच्याही. पण प्रत्येक अभंगाआधी त्या माझ्याकडे बघायच्या. परवानगी मागितल्यासारख्या. मी मान हलवली की मग धरायच्या. ताई, ती नजर मला अजून विसरता येत नाही. आणखी दोन चरण थांबले असते तर 'नामा म्हणे' त्यांच्याच तोंडून आलं असतं. नामदेवांनी स्वतःच ती सोय करून ठेवली होती. माझी गरजच नव्हती.

आता अक्कांच्या जागी उभं राहून बघा. आयुष्यभर वर्गात फळ्यापुढे बोललेली बाई माइकपुढे पहिल्यांदा उभी राहते तेव्हा गुडघे थरथरतातच. वर कराओके म्हणजे सोपं काम, असं ऐकणाऱ्याला वाटतं तसं ते नाही. मूळ गाण्याची पट्टी या वयात झेपत नाही. ट्रॅक दोन-तीन सूर खाली उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवला की तळातले स्वर पुटपुटल्यासारखे लागतात, म्हणजे तेही घोटावे लागतात. दोन अंतऱ्यांमधलं म्युझिक वाजतंय तोवर मनात मात्रा मोजत उभं राहायचं. कारण समोर तबलजी असता तर त्याने डोळ्यांकडे बघून एक आवर्तन जास्त वाजवलं असतं. ट्रॅक तसं करत नाही. अक्कांनी महिनाभर घरात हेच केलं असणार, भाकरी थापताना, अंगण झाडताना. आणि ऐन वेळी पहिली प्रतिक्रिया आली ती घरच्या माणसाकडून, भरल्या सभागृहात, हसण्याच्या लाटेवर. दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ मोबाईलमधून हुकली नाही ताई, ती तुमच्या हाकेने हुकली. कार्यक्रमवाले अंतरा गाळतात म्हणून तुम्ही चिडता. या वेळी तो तुमच्यामुळे गळला.

म्हणून माफी मागाच. नवऱ्याला मध्ये घालू नका, फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच. रविवारी त्यांच्या घरी जा. आणि 'पण' हा शब्द बाहेर चपलांपाशी ठेवून आत जा. "अक्का, माझं चुकलं, पण नाव तर सुमन कल्याणपूर यांचंच ना" असं म्हणालात तर ती माफी राहत नाही, तिसऱ्या रांगेतली हाकच दुसऱ्यांदा मारल्यासारखं होतं. "अक्का, तुमचं गाणं माझ्यामुळे मोडलं. मला ते पुरं ऐकायचंय." एवढंच. त्या चहा टाकतीलच असं नाही. रागावल्या तर ऐकून घ्या.

बोलणं सुरू झालं, दोन-चार आठवडे गेले, की मग वही काढा. पुढच्या कार्यक्रमाच्या गाण्यांची यादी त्यांच्याकडून आधी मागून घ्या आणि प्रत्येक गाण्याची एक चिठ्ठी करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, ठळक अक्षर, चष्मा न लावता वाचता येईल असं. चित्रपट, साल, गायिका, गीतकार, संगीतकार. जमलं तर गाण्याबद्दलची एकच ओळ, तुमच्या वहीतली. आणि सगळ्यात खाली आज गाणाऱ्याचं नाव, कारण त्या संध्याकाळपुरतं ते गाणं त्यांचंही असतं. निवेदक हे वाचून दाखवेल. गाण्याच्या आधी सांगितलेल्या नावाची भेट होते. तेच नाव गाणाऱ्याला अडवून सांगितलं की शिक्षा होते, आणि ती भोगतो गाणारा. चुकून कुणी चुकीचं बोललंच, तर गाणं संपेपर्यंत थांबा, टाळ्या होऊ द्या, मध्यंतरात बटाटेवडा खाताना हळूच सांगा. विविध भारती १९५७ पासून दुसरं काय करत आलीय? नावं सांगते आणि बाजूला होते. तुमचं निम्मं शिक्षण तिथेच झालंय.

आता कारखान्याचं. पत्रातली ही एकच ओळ मला खरोखर खटकली. "तीही सगळी तेलुगू." आपल्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या ज्या मुली तुमच्या हाताखाली मशीनवर बसतात, त्यांच्या आज्या-आजोबांनी मागावर बसून जी गाणी ऐकली ती घंटसालांची, पी. सुशीलांची. घंटसाला १९७४ साली गेले, तरी आपल्याकडे बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची गाणी लागतात तशी त्यांची गाणी अजून लागतात. एस. पी. बालसुब्रह्मण्यम तुम्हाला हिंदीमुळे माहीत असतील. तेलुगू घरात ते घरातल्या माणसासारखे आहेत, २०२० मध्ये ते गेले तेव्हा आमच्या शेजारच्या घरात चूल पेटली नव्हती. सुमन कल्याणपूर यांना कुणी नुसतं 'लतासारखी एक' म्हटलं तर तुमचा जीव जातो. मग घंटसालांना नुसतं 'तेलुगू गाणी' म्हणून कसं चालेल? त्या मुलींपैकी एखादीला तरी तुम्ही विचारलंय का, हे कोण गातंय, कुणी लिहिलंय, शब्दांचा अर्थ काय? विचारून बघा. तिलाही कदाचित नाव माहीत नसेल. संध्याकाळी आईला विचारून येईल. पाचवी वही तिथून सुरू करा.

गाणं अर्ध्यात बदलण्यावर एक साधा नियम पुरेल. स्पीकर पाळीपाळीने एकेकीकडे, आणि जिची पाळी तिचं गाणं शेवटपर्यंत. तुमचीही एक पाळी, एकच. सुपरवायझर म्हणून दोन घेऊ नका. रिमिक्सही तिच्या पाळीत चालू द्या, गाणं मरत नाही त्याने.

अंतरा गाळण्याबद्दल मी पुरती तुमच्या बाजूची आहे. मुखडा हा गाण्याचा दरवाजा असतो, पण कवीला जे म्हणायचं ते बहुतेक वेळा शेवटच्या अंतऱ्यात असतं, आणि कात्री नेमकी तिथे लागते. याचं मूळ बरंच जुनं आहे. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. त्यामुळे चित्रपटात तीन अंतरे आणि रेकॉर्डवर दोनच, असं कितीतरी गाण्यांचं झालं. पुढे ट्रॅक बनले ते रेकॉर्डवरून, वादकांनी गाणी बसवली तीही रेकॉर्डवरून. तेव्हा स्टेजवरच्या माणसाने अंतरा गाळलाच असेल असं नाही, त्याला तो कधी भेटलाच नसेल. तुमच्या वहीत तो असेल तर आयोजकांना चार दिवस आधी लिहून द्या. सत्कारांचं मात्र मला पटत नाही आणि पटणारही नाही. तिकीट काढून, नाहीतर कामावरून धावतपळत येऊन लोक गाणं ऐकायला बसतात, त्यांच्या वेळेतून शाल-श्रीफळाचा अर्धा तास काढू नये. हे आयोजकांना तोंडावर सांगा. तिथे शिष्ट ठरलात तरी चालेल.

ॲपवरची सालं चुकतात कारण नोंद बऱ्याचदा मूळ रेकॉर्डवरून न होता पुढे कधीतरी निघालेल्या कॅसेट-सीडीच्या संग्रहावरून होते. २००५ हे त्या संग्रहाचं साल. आणि भलतं नाव दिसलं तर आधी नीट ऐका, ते गाणंच दुसऱ्या कुणी पुन्हा गायलेलं असू शकतं. जुन्या कायद्यात मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की अशी नवी आवृत्ती काढता यायची. कॅसेटच्या जमान्यात त्यांचा पूर आला होता. २०१२ पासून ती मुदत पाच वर्षांची झाली. ॲपमध्ये चुकीची नोंद कळवायची सोय असते, तिथे कळवा आणि विषय सोडून द्या.

डीजेचा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, म्हणून तो या यादीतून काढून टाका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला मनाई आहे, सूट फक्त सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांना. ११२ वर फोन करा, शेजारच्या चार घरांनी मिळून करा.

राहता राहिली तुमची चिडचिड. मला वाटतं, तुमचा कान हल्ली चुका वेचायला बसतो, कापडातला तुटका धागा शोधावा तसा. दिवसभर तुम्ही तेच काम करता, शिवण उसवली का, काज सरळ आहे का. घरी आल्यावर गाण्यालाही तीच नजर लागते. त्यावर एक उपाय सांगते, मी स्वतः करते. आठवड्यातून एका रात्री जेवणं झाल्यावर एकच गाणं निवडा, तुम्हाला पाठ असलेलं. तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त शब्द. दुसऱ्यांदा गायिकेकडे लक्षच देऊ नका, फक्त मधलं म्युझिक ऐका: व्हायोलिन कुठे चढतात, ॲकॉर्डियन कुठे उत्तर देतं, बासरी कुठे एकटी सोडलीय. तिसऱ्यांदा फक्त तबला-ढोलक.

दुसऱ्या वेळी तुम्हाला कळेल की तुमच्या वहीत नाहीत अशी माणसं त्या गाण्यात किती आहेत. ते सुरांचे थर रचणारे अरेंजर, बरेचसे गोव्याकडचे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस होते, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ॲकॉर्डियनवर केर्सी लॉर्ड, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. यांची नावं तुम्हीही नाही घेतलीत आणि मीही घेत नव्हते. आपण दोघी इतकी वर्षं अर्धवटच नाव सांगत आलो. मला हे कळलं तेव्हा दुसऱ्याला दुरुस्त करण्याची खुमखुमी आपोआप कमी झाली आणि ऐकायला खूप काही उरलंय याचा आनंद झाला. ऐन थंडीत, गड्ड्याच्या जत्रेहून परत आल्यावर, दार लावून ॲकॉर्डियनचा एक तुकडा मी अकरा वेळा ऐकला होता.

गप्प मात्र बसू नका. तुमच्याइतकी नावं जपणारी माणसं फार उरली नाहीत.

आणि अक्का पुन्हा गायला तयार झाल्या, तर त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसू नका. पहिल्या रांगेत, स्टँडच्या बाजूची खुर्ची धरा. गाणं तुम्हाला पाठ आहेच. दुसऱ्या अंतऱ्याआधीचं म्युझिक संपत आलं की त्या ओळीचे शब्द नुसते ओठांनी म्हणा, आवाज न काढता. नजर मोबाईलवरून हुकलीच, तर ती तुमच्यावर येऊन टेकेल.